टंगस्टनचे दोन मार्क

एकतीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट सांगत आलो: कोण कुठं बसतं. लग्नातला वाढपी किंवा एसटीतला कंडक्टर हेच काम करतो, पण त्यांना निदान माणसं दिसतात. मी ज्यांच्या बसण्याची व्यवस्था सांगत होतो ते इलेक्ट्रॉन मी आयुष्यात कधी पाहिले नाहीत आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांनीही पाहिले नव्हते. तरी आम्ही सगळे भलत्याच खात्रीनं बोलायचो.

आमचं गाव औंधच्या अलीकडं. घरातले दोघे थोरले भाऊ फौजेत. मीही भरतीला गेलो होतो, पण छाती दोन बोटं कमी पडली. मग एमएस्सी केलं आणि जत तालुक्यातल्या एका गावी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीचा मास्तर म्हणून चिकटलो. थोरला भाऊ, आम्ही त्याला आबा म्हणायचो, सुट्टीवर आला की विचारायचा, "आमी सीमा राखतो. तू काय राखतोस रं?" आईनं त्यातल्या त्यात माझी बाजू सावरली होती. शेजारणीनं धाकटा काय करतो म्हणून विचारलं की ती सांगायची, "पोरास्नी लय बारीक काय तरी शिकिवतो. डोळ्याला दिसत न्हाई ते." माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्याही आदेशात सापडलं नाही.

ज्यांनी दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अणू म्हणजे एक इमारत समजा. तिला मजले असतात आणि मजल्यावर खोल्यांचे प्रकार: एस, पी, डी, एफ. एका खोलीत दोघंच राहायचे, तेही एकमेकांकडं पाठ करून. एस प्रकारची खोली मजल्यावर एकच, पीच्या तीन, डीच्या पाच, एफच्या सात. राहायला येणारे इलेक्ट्रॉन आधी स्वस्त खोल्या धरतात. गंमत अशी, की चौथ्या मजल्यावरची एसची खोली तिसऱ्या मजल्यावरच्या डीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून ती आधी भरते. कुठल्याही मूलद्रव्याचा क्रमांक सांगितला की तेवढे इलेक्ट्रॉन या खोल्यांमधून ओळीनं बसवत जायचं. हीच ती इलेक्ट्रॉनची मांडणी. अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत असल्यामुळं आम्ही ती वन एस टू (म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या एसमध्ये दोघं), टू एस टू अशी आरतीच्या चालीत म्हणायचो.

एकसारख्या खोल्यांत आधी एकेक जण बसतो, सगळ्या भरल्यावर जोड्या लागतात, हा आणखी एक नियम. तो समजवायला मी पहिल्याच वर्षी एसटीचं उदाहरण दिलं. म्हटलं, रिकामी गाडी आली की आपण काय करतो? प्रत्येक जण आपापलं वेगळं बाक धरतो. कुणी ओळख नसलेल्याच्या शेजारी जाऊन बसत नाही. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, आपल्याकडं गाडी रिकामी कवा येती?" पुढं कितीतरी वर्षं मी हे उदाहरण "समजा, गाडी रिकामी आली" असं म्हणूनच दिलं, आणि दरवर्षी वर्ग हसला. मुलं नियमाला हसतायत की माझ्या समजा-ला, ते मी कधी विचारलं नाही.

हळूहळू मला एक व्यसन लागलं. एक ते एकशे अठरा, कुठलाही क्रमांक सांगा, मी मिनिटाच्या आत मांडणी लिहून देणार. वर्गात टाळ्या पडायच्या. मग ते वर्गाबाहेर गेलं. आबा एका सुट्टीत पत्त्यांच्या डावात मला मुद्दाम नंबर विचारायला लागला. त्याच्या फौजेतल्या मित्रांना माझं भारी कौतुक, कारण त्यांना बरोबर-चूक कळायचा प्रश्नच नव्हता. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी सोन्याचा नंबर विचारला. मी एकोणऐंशी सांगून पत्रिकेच्या मागं सगळी मांडणी लिहून दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "मग भाव उतरंल का चढंल?" असल्या गिऱ्हाइकांपुढं मी हुशार ठरत होतो. आज वाटतं, मला चूक म्हणू शकेल असं माणूस मी जवळ येऊच दिलं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलोय.

या खोल्या भरण्याच्या नियमाला अपवाद आहेत. क्रोमियमचं उदाहरण घ्या. नियमानं त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या एसमध्ये दोघं आणि डीच्या पाच खोल्यांत चौघं असायला हवेत. पण डीच्या पाचही खोल्यांत एकेक असला की घर जास्त सुखी असतं, म्हणून एसमधला एक जण उठून तिकडं जातो. क्रोमियमच्या खाली कोष्टकात मॉलिब्डेनम आहे, तोही तसाच वागतो. त्याच्याही खाली टंगस्टन, नंबर चौऱ्याहत्तर, बल्बच्या तारेतला. मी विचार केला, बाप तसा, लेक तसा, मग नातूही तसाच असणार. इथपर्यंत विचार ठीक होता. पुस्तक उघडून पाहिलं असतं तर तो तिथंच थांबला असता. मी उघडलं नाही. पंचवीसेक वर्षं मी ऐटीत शिकवत राहिलो, की क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि टंगस्टन ही सगळी भावकी एका वळणाची.

मायाक्का बारावीला होती तेव्हाची गोष्ट. तिचे वडील सिदाप्पा मेंढरं राखायचे. वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन कृष्णाकाठाकडं असायचे. मायाक्का आजीजवळ गावात राहून शिकत होती. ती बोलायची कमी, पण बोलली की उत्तर द्यावंच लागायचं. मी फळ्यावर टंगस्टनची मांडणी फाइव्ह डी फाइव्ह, सिक्स एस वन अशी लिहिली आणि तिचा हात वर आला.

"सर, पुस्तकात मागच्या तक्त्यात फाइव्ह डी फोर, सिक्स एस टू दिलंय."

मी तिच्या पुस्तकात डोकावलो. दिलं होतंच तसं. आता कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, थांब, बघून सांगतो. मी म्हणालो, "छापखान्याची चूक आहे."

"मोबाईलवर बी तसंच दावतंय, सर."

"मोबाईलवर काय, कुणीही काहीही टाकतं. पेन काढा सगळ्यांनी. पुस्तकात दुरुस्ती करून घ्या."

आणि चाळीस मुलांनी माझ्या डोळ्यांदेखत बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मधल्या सुट्टीत लायब्ररीत गेलो आणि तिथल्या सहा प्रतींत लाल शाईनं स्वतः दुरुस्ती केली. लायब्ररीच्या बाईंनी विचारलं, "सर, पुस्तकात लिहिलेलं चालतं होय?" मी म्हणालो, "मी लिहिलेलं चालतं."

त्याच वर्षी जानेवारीत सांगलीला एका शिक्षणसंस्थेनं बारावीच्या मुलांची विज्ञानाची लेखी स्पर्धा ठेवली होती. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतली मुलं येणार होती. पहिल्या नंबराला बक्षीस मोठं होतं: संस्थेच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश आणि मुलींच्या किंवा मुलांच्या हॉस्टेलात तीन वर्षं फुकट जागा. आमच्या गावापासून सांगली एसटीनं जवळजवळ तीन तास. मायाक्काला केमिस्ट्री घेऊन तिथंच शिकायचं होतं आणि हॉस्टेल सोडून दुसरा रस्ता तिच्याजवळ नव्हता. सिदाप्पांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, खोली मिळाली तर जा, खोली घेऊन द्यायची माझी ऐपत न्हाई. त्यामुळं पहिल्या नंबराचं तिला काय मोल होतं हे मला पक्कं माहीत होतं.

मला स्पर्धेचा परीक्षक नेमलं होतं. केमिस्ट्रीचा भाग मी तपासायचा. आदल्या वर्षी एका पालकानं निकालावरून फार वाद घातला होता, म्हणून नियमावली करताना मी हट्टानं शेवटी एक ओळ घातली: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. ती ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूष झालो होतो, हे कबूल करतो.

पेपरवर नावं नसायची, नंबर असायचे. एक प्रश्न दोन मार्कांचा होता: टंगस्टनची इलेक्ट्रॉन मांडणी लिहा. तो मीच काढलेला. बहुतेक मुलांनी फाइव्ह डी फाइव्ह लिहिलं होतं. म्हणजे माझ्यासारखे मास्तर दोन्ही जिल्ह्यांत पुरेसे होते. एका पेपरात मात्र फाइव्ह डी फोर, सिक्स एस टू होतं, सुबक अक्षरात, खाली एक बारीक रेघ मारून. मी शून्य दिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी शेजारी शेराही लिहिला: "अपवाद नीट अभ्यासा."

निकाल त्याच दुपारी लागला. कोयनानगरच्या एका मुलाला पन्नासपैकी सत्तेचाळीस, पहिला नंबर. मायाक्काला शेहेचाळीस, दुसरा. तिला एक शब्दकोश आणि प्रमाणपत्र मिळालं. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "दुसरा नंबर काही कमी नाही हं."

परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर होतो. मिरज मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "सर, टंगस्टनचं मला शून्य पडलं का?"

मी म्हणालो, "तू काय लिहिलं होतंस?"

"पुस्तकातलं. माझ्या पुस्तकात मी खोडलं न्हवतं, सर."

"का?"

"मोबाईलवर चार ठिकाणी बघितलं. चारी ठिकाणी तसंच हुतं. मला वाटलं, परीक्षक दुसरं कोण तरी असतील."

मी उगाच खिडकीची काच बंद केली. ती म्हणाली, "नंबराचं ऱ्हाऊ द्या. बोर्डाला आलं तर काय लिवायचं, तेवढं सांगा."

आणि मी, पंचवीसेक वर्षांचा अनुभव पाठीशी असलेला माणूस, जे उत्तर प्रत्येक मास्तरच्या जिभेवर तयार असतं तेच दिलं. "बोर्डाला असलं येत नाही. सिलॅबसच्या बाहेरचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विलासला फोन केला. विलास माझा वर्गमित्र, साताऱ्याला सीनियर कॉलेजात शिकवायचा. मी प्रश्न मित्राचा म्हणून विचारला. तो मोठ्यानं हसला. "तुझ्या मित्राला सांग, टंगस्टन भावकीत बसत नाही. अणू जड झाला की मधल्या केंद्राची ओढ वाढते. सहाव्या मजल्यावरची एसची जोडी खाली ओढली जाते, ती सुटत नाही. फाइव्ह डी फोर, सिक्स एस टू. कोण रे हा मित्र?" मी म्हणालो, तू ओळखत नाहीस. विलास म्हणाला, "ओळखतो असं वाटतंय."

हिशेब साधा होता. मायाक्काला दोन मार्क वाढवायचे, कोयनानगरच्या मुलाचे दोन काढायचे. ती अठ्ठेचाळीस, तो पंचेचाळीस. पहिली ती. पण सांगायला जाणार कोण? मीच. आणि काय सांगणार? की मी तपासलेला पेपर चुकला आणि त्यात जिचं नुकसान झालं ती मुलगी माझ्याच कॉलेजची आहे. स्वतःच मनातल्या मनात हे वाक्य म्हणून बघितलं तर माझाही माझ्यावर विश्वास बसेना. दोन दिवस मी या अडचणीचं भांडवल करून गप्प बसलो. खरं तर मला लाज वाटत होती, एवढंच होतं. बाकी सगळे मुद्दे मी लाजेच्या पुढं आडवे टाकायला गोळा केले होते.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून सांगलीला गेलो. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राचार्य, शांतपणे ऐकून घेत होते. मी बरोबर तीन पुस्तकं नेली होती. तिन्हींत फाइव्ह डी फोर होतं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ही मुलगी तुमच्याच वर्गातली?"

"होय."

"आणि निकालाच्या आधी हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही. मी पंचवीस वर्षं चुकीचंच शिकवत होतो."

त्यांना माझी कीव आली असावी. ते म्हणाले, "सर, तुमचा प्रामाणिकपणा कळतो. पण निकाल जाहीर झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या मुलाला आता काय सांगायचं? आणि नियम तुमचाच आहे." त्यांनी नियमावली माझ्यापुढं सरकवली. शेवटची ओळ मी वाचली नाही, पाठ होती. मी खूप बोललो, दोनदा आवाजही चढवला, आणि अंतिम निर्णय घेऊन परत आलो.

सिदाप्पा गावच्या जत्रेसाठी चार दिवस घरी आले होते. मी संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. मायाक्का आजीशेजारी जोंधळा निवडत होती. सिदाप्पांनी घोंगडं अंथरलं. मी सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत, आणि माझ्या ध्यानात आलं की चूक सोप्या शब्दांत सांगितली की फार मोठी दिसते.

त्यांनी चंची सोडून तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी बरोबर हुती."

"व्हय."

"आन् तुमी चुकलासा."

"व्हय."

"तिला खोटी पाडली ती कुटं? वर्गात?"

"आधी वर्गात, मग सांगलीत."

"सांगलीचं आपल्या हातात न्हाई. वर्गातलं हाय." त्यांनी मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरली. "एका कागदावर लिवून द्या. मराठीत लिवा, मला दुसऱ्याकडनं वाचून घ्याला बरं पडंल. आन् उद्या वर्गात त्योच कागद वाचा. माफी बिफी नगं मास्तर. कोण बरोबर हुतं, तेवढंच."

मला वाटलं मायाक्का म्हणेल, असू दे आप्पा, सरांना कशाला? ती जोंधळा निवडत राहिली.

मी तिथंच वहीचं पान फाडून लिहिलं, सही केली. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचलं. मग मुलांना पुस्तकं उघडायला लावली आणि खोडलेल्यावर परत खोडून घेतलं. त्या पानांवर आता मूळचं काहीच वाचता येत नव्हतं. लायब्ररीच्या सहा प्रती घेऊन बसलो तेव्हा बाईंनी काहीएक न विचारता मला निळं पेन दिलं.

सिदाप्पांनी तो कागद जतच्या बाजारात नेऊन लॅमिनेट केला. करून देणाऱ्यानं वाचला, त्यानं शेजारच्याला सांगितलं. पुढच्या गुरुवारी भाजीवाला मला विचारत होता, "मास्तर, काय म्हनतंय टंगस्टन?" जी ख्याती मला एकशे अठरा मूलद्रव्यांनी मिळाली नाही ती चौऱ्याहत्तराव्यानं एकट्यानं दिली.

हॉस्टेल मात्र मिळालं नाही. मी तिथल्या रेक्टरबाईंना भेटलो, दोन ठिकाणी अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. मायाक्कानं तरी त्याच कॉलेजात नाव घातलं आणि सवलतीच्या पासवर रोज जाऊन येऊन शिकली. पहाटेची पहिली गाडी, तीन तास जायला, तीन तास यायला. गाडी वाटेत बंद पडली की पहिलं प्रॅक्टिकल बुडायचं. बुडालेल्या प्रॅक्टिकलचे मार्क कुणी देत नाही. तिला बीएस्सीला फर्स्ट क्लास मिळाला, पण एमएस्सीच्या प्रवेशाच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. त्या तीन वर्षांत मी सकाळी सातला चहा पीत असताना ती कुठं असेल याचा अंदाज मला रोज यायचा. कवठेमहांकाळ सोडलं असेल, नाहीतर टायर बदलत असतील.

पुढं तिला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. उसाचा रस तपासायचा, साखरेचा उतारा काढायचा. तोवर मी निवृत्त झालो होतो. ती पेढे घेऊन घरी आली. नोकरीचं सांगितलं, सिदाप्पांच्या गुडघ्यांचं सांगितलं, कारखान्यातला एक साहेब तिनं काढलेले आकडे न बघताच सही करतो म्हणून त्याच्यावर तणतणली. मला फार बरं वाटत होतं. अशा वेळी म्हाताऱ्या मास्तरला एक खोड असते. आपली चूक आपणच पुढं करायची, म्हणजे समोरचं माणूस ती खोडून काढतं. आपल्याकडं रीतच आहे, मोठ्या माणसानं असं म्हटलं की लहानानं लगेच म्हणायचं, नाही हो सर, तसं काही नाही.

म्हणून मी म्हणालो, "हॉस्टेल मिळालं असतं तर तुझी एमएस्सी झाली असती गं, मायाक्का."

"व्हय सर," ती म्हणाली, "झाली असती."

आणि तिनं मला दुसरा पेढा दिला.